शिवायला कोण बसणार

१२ सप्टेंबर
विमान बदलण्याच्या मुक्कामी

ती. बाबांस,
मोठीचा शि. सा. न.

मी गेल्यावर पुस्तकं शिवायला कोण बसणार, असं तुम्ही विमानतळाच्या दारात विचारलंत. रोज मीच बसत होते, त्यामुळे हा प्रश्न कधी पडलाच नाही.

परदेशी शिकायला निघालेले आम्ही सगळे विद्यार्थी सुखरूप आहोत. विमान उडताना शेजारच्या मुलीने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं अजून दुखताहेत. खाली उतरल्यावर मात्र तिने सगळ्यांना सांगितलं की घाबरले होते ती मीच. आपलं बायंडिंगचं दुकान वरून दिसेल म्हणून मी डोळे ताणले, पण दिसले नुसते ढग.

निरोप घेताना धाकटी कानाशी कुजबुजली की सोमवारपासून तिची शाळा बंद, माझ्या जागी ती बसणार. बाबा, मी शिकायला निघाले म्हणून ती जागा रिकामी झाली. ती भरायला तिचं शिक्षण कशाला? दादा दिवसभर गल्ल्यावर बसून शिळं वर्तमानपत्र वाचतो. हात त्यालाही आहेत. तिला शाळेतून काढू नका.

रागावलात तरी लोभ कमी करू नये.
आपली, मोठी


२९ सप्टेंबर

चि. मोठीस, अनेक आशीर्वाद.

सुखरूप असल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. आता ऐक. विमानात बसलीस म्हणून वरून हुकूम सोडायचे नसतात. एक वर्ष शाळा चुकली तर आभाळ कोसळत नाही. दादाला विचारलं, तर म्हणाला सुई बायकांच्याच हाती शोभते. तेव्हापासून त्याच्या शर्टाची बटणं लावायचं तुझ्या आईने थांबवलंय.

आणि ही धाकटी! दप्तर उचलून आत्याकडे गेली ती तिथूनच शाळेत जाते. मी न्यायला गेलो, तर माझ्याच बहिणीने मला चहा पाजला आणि दार अडवून उभी राहिली. इकडे शाळेच्या पुस्तकांची ऑर्डर तुंबलीय. धाकटी फक्त तुझं ऐकते. घरी परत जा, असं तिला लिही. लिहिणार नसशील तर मलाही पत्र पाठवू नकोस.

थंडीत कान झाकत जा.
बाबा


१४ ऑक्टोबर

ती. बाबांस,
शि. सा. न.

कान झाकते. इथे वर्गात थंडी नाही, खोलीत फार आहे.

धाकटीच्या डोक्यात मी काही भरवलं नाही. तिचं तिने ठरवलं, आणि ते वाचून मला अभिमान वाटला. माझा निकाल लागला तेव्हा दुकानात येईल त्याला तुम्ही सांगत होतात की आमच्या घरातली ही पहिली पदवी. पहिली म्हणायला दुसरी यावी लागते, बाबा. मी एकटीच शिकले, तर त्याला शिक्षण नाही, नशीब म्हणतील.

ऑर्डर तुंबल्याचं वाईट वाटतं. दादाला टाका घालायला आई शिकवेल. बटणांपासून सुरुवात करू द्या. तुमचं पत्र आलं नाही तर मी रडेन, हे लपवत नाही. मी मात्र लिहीत राहीन, तुम्ही फोडा न फोडा.

तुम्ही सांगितलंत म्हणून धाकटीला लिहिलं. शाळा चालू ठेवतो, असं बाबा स्वतः आत्यासमोर म्हणेपर्यंत घरी पाऊल टाकू नकोस, असं लिहून आज सकाळी ते पत्र पेटीत टाकलं.

तुमच्या लोभावर हक्क सांगणारी,
मोठी