हिची शांती

११ एप्रिल

दूध उतू गेले. ही ओट्यापाशीच उभी होती. फेस पातेल्याच्या काठावरून खाली उतरला, ज्योत विझली, जळका वास घरभर पसरला — आणि ही पाहत राहिली. मी धावत जाऊन गॅस बंद केला.

‘‘अगं, दूध गेलं ना सगळं.’’

‘‘हो. गेलं,’’ म्हणाली.

एवढेच. एके काळी सांडलेल्या थेंबासाठी हीच बाई माझा उद्धार करीत असे. आज ना खेद, ना त्रागा. हानी आणि लाभ ज्याला सारखे, त्या चित्ताची लक्षणे मी आयुष्यभर इतरांना समजावीत आलो. ती माझ्याच स्वयंपाकघरात उभी असतील, हे ध्यानीमनी नव्हते.

१३ एप्रिल, रविवार

बैठकीत निरूपणाच्या ओघात दुधाचा प्रसंग सांगितला. हिचे नाव घेतले नाही; पण सगळ्यांचे डोळे कोपऱ्याकडे वळलेच. तिथे ही शाल लपेटून बसलेली. बाकीचे पंख्याखाली घामाने निथळत होते. शीत आणि उष्ण, हेही द्वंद्व मिटले म्हणायचे!

वकील — निवृत्त झाला तरी तो आम्हाला वकीलच — उठता उठता म्हणाला, ‘‘गुरुजी, तुम्ही नुसते बोलता. वहिनी करून दाखवताहेत.’’ सगळे हसले. मीही हसलो. पण बोच राहिली. पोथ्या मी झिजवल्या आणि पोहोचली ही.

संध्याकाळी थोरलीचा फोन. ‘‘अप्पा, आईचा आवाज असा घोगरा का येतोय? पुरुष बोलल्यासारखा?’’

म्हटले, ती हल्ली फार बोलत नाही. न वापरलेला आवाज जड होतो.

‘‘ती? बोलत नाही?’’ थोरली म्हणाली.

१८ एप्रिल

हिचा धाकटा भाऊ गेला. निरोप सकाळीच आला. कसे सांगावे, या विवंचनेत दारापर्यंत जाऊन परत फिरलो. अखेर धीर करून सांगितले.

‘‘बरं,’’ म्हणाली. डोळे मिटून घेतले.

ज्याला कडेवर खेळवले, त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी नाही. मी उभ्या उभ्या थरारलो. मग जे केले ते कोणाला सांगणार नाही — खाली बसलो आणि तिच्या पायांवर मस्तक ठेवले. पाय गार होते. काहीसे सुजल्यासारखेही. ती हलली नाही.

२० एप्रिल, रविवार

थोरली न कळवता आली. आईसमोर बसली, तिचा चेहरा हातांत धरून खिडकीकडे वळवला. ‘‘अप्पा, हिच्या भुवया बघितल्यात? बाहेरची टोकं झडलीत. तोंड सुजलंय. आणि हा कंगवा बघा, केसांनी भरलाय.’’

मी म्हटले, वय झाले. शरीराचा धर्म आहे. मन मात्र किती शांत झाले आहे!

‘‘शांत नाहीये ती. थंड पडलीये. शांत आणि थंड यातला फरक तुम्ही मला शिकवायचा की मी तुम्हाला?’’

असे ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मग स्वयंपाकघरात डबे उघडल्याचे आवाज. ‘‘अजून सैंधवच? आयोडीनचं साधं मीठ नाहीच घरात?’’ कारखान्यात काही मिसळलेले मीठ नको, हा नियम माझाच. लवणांत सैंधव श्रेष्ठ, असे वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत आहे, हे मी तिला सांगितले. तिने बाहेर जाऊन मिठाची पुडी आणली आणि ओट्यावर आपटली.

उद्याच रक्त तपासू म्हणते. मी म्हटले, गुरुवारी ग्रंथसमाप्ती आहे; शुक्रवारी नेऊ. हिला विचारले, ‘‘जायचं का गं तपासायला?’’

‘‘कशाला?’’ ही म्हणाली.

इच्छाच उरलेली नाही. थोरलीला हे कसे समजवावे?

ती गेली. जाताना माझ्या पाया पडली नाही.

२४ एप्रिल

हे लिहून ठेवायलाच हवे.

समाप्तीला मंडळी जमली. ही बाहेर येईना म्हणून आत गेलो. आरामखुर्चीत डोळे मिटून बसलेली. हाक मारली — उत्तर नाही. खांदा हलवला — नाही. श्वास इतका मंद की छातीकडे टक लावल्यावाचून दिसेना. आणि मी काय केले? बाहेर आलो, ओठांवर बोट ठेवले आणि सांगितले, ‘‘आवाज करू नका. तिची समाधी लागली आहे.’’

मंडळी दारातून हात जोडून पाहू लागली. मीही हात जोडले.

वकील तेवढा आत गेला. हिच्या गालाला हात लावला आणि माझ्याकडे वळला. ‘‘गुरुजी, कसली समाधी घेऊन बसलाय. या गार पडल्यात. उचला यांना, मी गाडी काढतो.’’

आता ही रुग्णालयात आत आहे, मी बाहेर बाकावर. थोरली बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आहे. मध्ये तीन माणसे मावतील एवढी जागा.

२५ एप्रिल

डॉक्टरीण बाई थोरलीच्याच वयाची. गळ्यावर बोट ठेवून म्हणाली, ‘‘आजोबा, इथे थायरॉइडची ग्रंथी असते, फुलपाखराच्या आकाराची. तिच्या रसावर सगळ्या शरीराची धग चालते. ठोके, ऊब, विचार — रडूसुद्धा. तो रस बनायला आयोडीन लागतं, ते अन्नातूनच मिळतं. आजींची ग्रंथी जवळजवळ बंद पडलीये. शुद्ध हरपेपर्यंत कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?’’

 लक्षात आले होते. म्हणून तर नमस्कार केला!

विचारले, हे माझ्या मिठामुळे झाले का?

‘‘सरळ हो म्हणता येणार नाही. हातभार लागला असेल, नसेलही. या वयात बहुधा शरीर स्वतःच ग्रंथीवर उलटतं. पण आता नुसत्या मिठाने हे भरून निघणार नाही. आणि कोणी सांगितलं म्हणून आयोडीनचे थेंब पाजू नका. जास्त झालं तरी ती बिघडते. औषध रोज, कायमचं. त्याआधी हे दोन दिवस निघू देत.’’

जपाला बसलो. नाम ओठांवर आले, पुढे सरकेना.

२७ एप्रिल

डोळे उघडले. मला ओळखले की नाही, कळले नाही.

९ मे

घरी आणले. सकाळी उपाशीपोटी ती इवलीशी गोळी मीच देतो. त्यानंतर काही वेळ चहासुद्धा नाही. सैंधवाचा डबा मीच रिकामा केला. थोरलीने पाहिले.

अजून ही भिंतीकडेच पाहत बसते. डॉक्टरीण म्हणते, वेळ लागेल. सगळे परत येईलच असे वचन मात्र देत नाही. एक गोष्ट इथे तरी खरी लिहितो — कोपऱ्यातली ती निश्चल मूर्ती आता मोडणार, याची मला मधूनच हुरहूर लागते. स्वतःचीच किळस आली.

३० मे

आज ही भावासाठी रडली. निरोप जणू आत्ताच आला. ‘‘मला नेलं का नाहीत? त्याचं तोंडही पाहिलं नाही मी.’’ दुपारभर रडली. पाणी द्यायला गेलो तर पेला बाजूला सारला. ‘‘आणि ते पातेलं कोणी जाळलं? तळ पार काळा करून ठेवलाय.’’

शिव्या खात मी पातेले घासले. शेजारी राख घेऊन थोरली उभी होती. डोळे पुसत हसत होती.

८ जून

हिचे पाय चेपत होतो. आता ऊब आहे त्यांत. एकाएकी म्हणाली, ‘‘भाऊ गेला त्या दिवशी तुम्ही माझ्या पायांवर डोकं ठेवलंत ना?’’

तिला कळले नसावे, अशी माझी समजूत होती. मान हलवली.

‘‘मला वाटलं, मीच गेले. तुम्ही शेवटचा नमस्कार करताय. तोवर आतून तुम्हाला हाका मारत होते हो. त्यानंतर सोडून दिलं.’’