वासाचा शेरा

मी, सरकारी रुग्णालयाची निवृत्त मुख्य परिचारिका, वय एकाहत्तर, अविवाहित, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने आणि माझ्याच अकलेने लिहून ठेवते. कोणाचा धाक नाही. मला धाक घालणारं माणूस अजून जन्मायचं आहे. मूत्रपिंडं गेली आहेत, डोकं जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधीची दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. त्यांत मी सगळ्यांशी नको तितकी गोड वागले होते.

१. माझं दोन खोल्यांचं स्वकष्टार्जित घर मी माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या मयत धाकट्या भावाच्या मुलीला देते. अट कलम ६ मध्ये आहे. वकीलबाईंनी ती पुरी झाल्याशिवाय किल्ली सोडू नये.

२. बँकेतली सगळी ठेव भावजयीला द्यावी. यात माया नाही. तिने मला जन्मभर "वन्सं" म्हटलं, तेही शिवी हासडल्यासारखं. नवरा गेल्यापासून चौदा वर्षं ती लोकांच्या चादरींना टिपा मारत बसली आहे. ती का बसली, हे पुढे येईलच.

३. रक्तदाबाचं यंत्र, कात्री आणि सेकंदकाट्याचं घड्याळ वॉर्डातल्या झाडूवाल्या मावशींना. "बाई, तुमच्या हातून गेलेलं माणूस मागे वळून बघत नाही, तुम्ही पुन्हा सुई टोचाल म्हणून," असं त्या मला तोंडावर म्हणाल्या होत्या. बाकीचे हेच पाठीमागे म्हणत.

४. देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. त्यांनी काय हवं ते काढून घ्यावं. घेताना माझ्या सवयी विचारू नयेत.

५. मोठ्या डॉक्टरांना काहीही देऊ नये. मात्र नियमाबद्दल लिहिणं भाग आहे, कारण तो आम्ही दोघांनी मिळून केला.

रुग्णालयात खाटा थोड्या, माणसं फार. डॉक्टर म्हणाले, "ज्याने स्वतःच्या हाताने शरीराची माती केली, त्याने रांगेत मागे उभं राहावं." मी सगळ्यांत आधी मान डोलावली. पिणारे, ओढणारे, पथ्य मोडणारे, सगळ्यांचे रांग ठरवणारे गुण कापायचे ठरले. यकृत बदलण्याच्या यादीत राहायचं तर सहा महिने दारूला शिवायचं नाही. मुख्य परिचारिकेने "तोंडाला वास" असा शेरा मारला, की नाव खाली. रक्त तपासायची गरज नाही. माझं नाक पुरेसं, असं मीच बैठकीत सांगितलं होतं. सगळे हसले आणि नियम मंजूर झाला.

एक व्यायामशिक्षक डोंगर चढायच्या हौसेपायी तीनदा हाडं मोडून आले, तिसऱ्यांदा यकृतही चिरडून. त्यांचे गुण कोणी कापले नाहीत. डॉक्टरही डोंगर चढत. आपली ती हौस, दुसऱ्याचं ते व्यसन. मला हे तेव्हाही दिसत होतं. पण खुर्चीवर बसलं की रांग छान दिसते.

६. आता माझा भाऊ. हे कलम भाचीने तिच्या आईसमोर मोठ्याने वाचायचं, हीच घराची अट.

भाऊ लाकडी सामानाला पॉलिश मारायचा. हात सोन्यासारखा, घसा मोरीसारखा. आई बारा वर्षं अंथरुणावर होती. तिचं हगणं-मुतणं मी काढलं. माझी दोन स्थळं त्यात गेली. हा महिन्यातून एकदा झोकांड्या खात यायचा, आणि आई मला सांगायची, "त्याला पाणी तापवून दे गं, दमून आलाय." मरताना माझ्या मांडीवर डोकं होतं आणि विचारलं काय, तर "तो जेवला का?" मी म्हटलं, जेवला. तो दीड महिना फिरकला नव्हता.

मग त्याचं यकृत गेलं. त्याने दारू सोडली. पाच महिने वीस दिवस झाले तेव्हा तो तपासणीला माझ्या टेबलापुढे येऊन बसला. कामावरूनच आला होता. अंगाला भपकारा येत होता.

"ताई, स्पिरिट आहे गं," तो म्हणाला. "कपाटाला पॉलिश मारून तसाच आलो. उशीर झाला तर तू ओरडशील म्हणून कपडेसुद्धा बदलले नाहीत. ही नखं बघ." त्याने दोन्ही हात टेबलावर पसरले. नखं लाखेने तपकिरी झाली होती.

मी म्हटलं, "फॉर्मवर नखांचा रकाना नाही."

"तोंडाचा वास घे ना मग."

मी वाकले आणि घेतला. त्याने नुकतीच बडीशेप खाल्ली होती. दुसरं काही नव्हतं. स्पिरिट कोणतं आणि दारू कोणती, हे मला झोपेतही कळतं. चाळीस वर्षं त्याच वासात काढली आहेत. मी शेरा लिहिला: तोंडाला दारूचा वास. खाली सही केली. त्याने ते उलटं वाचलं. भांडेल असं वाटलं होतं. त्याने हात खिशात घातले आणि तो गेला. त्याची जागा व्यायामशिक्षकांना मिळाली. सात आठवड्यांनी भाऊ वारला.

भाची, आता तुझ्याशी बोलते. तू तंत्रज्ञ होऊन याच रुग्णालयात लागलीस. आठवड्यातून तीनदा हात धरून मला डायलिसिसच्या यंत्रापर्यंत नेतेस. मागच्या महिन्यात तुला माझ्या गादीखाली बिस्किटांचे तीन पुडे सापडले. मधुमेहाने मूत्रपिंडं गेलेली बाई, आणि क्रीमची बिस्किटं! तू म्हणालीस, "आत्या, खायचंच असेल तर मला दिसेल असं खाऊ नका. मला लिहावं लागतं." आणि लिहिलंस काय? "पथ्य पाळतात." खोटं लिहून माझं यंत्र राखलंस. मला तुझा फार राग आला. माणसाला सूट देणं इतकं सोपं असतं, हे तू कोणाकडून शिकलीस? माझ्याकडून तर नाही.

हे तुला तोंडावर सांगितलं असतं, तर तू यायची थांबली असतीस. मला यंत्रापर्यंत नेणारं माणूस हवं होतं. म्हणून गप्प राहिले. मूळ फॉर्म सोबत जोडला आहे. सही माझीच आहे, ताडून बघ.

मी माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, आणि तेवढं सुख मी मला घेऊ देणार नाही.

तू घरात बापाचा फोटो लावला नाहीस. तुझ्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली दारू सोडायची शपथ त्याने मोडली, असं तू लोकांना सांगतेस. त्याने मोडली नव्हती. एवढंच. घर विकलंस तरी चालेल.

हे सर्व मी वाचून, समजून, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, नऊ मार्चला सकाळी अकरा वाजता सही केली.

सही: (निवृत्त मुख्य परिचारिका)

आम्ही दोघांनी बाईंना आमच्यादेखत सही करताना पाहिलं. मजकूर आम्हाला वाचू दिलेला नाही.

साक्षीदार १: खालच्या मजल्यावरचा शिंपी (सही)
साक्षीदार २: कोपऱ्यावरचा औषधवाला (सही)