भट्टीचा मीटर आणि चारची किटली

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. तुमची पाठदुखी आणि मामींचा त्या पाठदुखीवरचा राग, दोन्ही एव्हाना उतरणीला लागले असतील. इकडे मी खुशाल आहे. कपबश्यांचं मात्र विचारू नका.

तुमच्या शब्दावर मला कपांच्या भट्टीवर नोकरी लागली (उपकार विसरलेलो नाही, तुमची हयात मीटर दुरुस्त करण्यात गेली, हे इथे सगळ्यांना दोनदा ऐकवून झालंय). तर गेले तीन आठवडे रोज चारच्या सुमारास भट्टीचं तापमान दाखवणाऱ्या मीटरचा आकडा वीस-पंचवीस अंशांनी खाली यायचा. मी पडलो कर्तव्यदक्ष. लगेच आच वाढवायचो. दुसऱ्या दिवशी दार उघडावं तर कप एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून बसलेले! मी गॅसवाल्याशी भांडलो, बर्नर दोनदा उतरवला, शेवटी वाऱ्यावर खापर फोडून खिडकीला पुठ्ठे ठोकले. मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या, "शनिवारची खेप बिघडली तर भट्टी बंद." ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रोज चारला चहा आणणारी चहावाली परवा आजारी पडली. चार वाजले, साडेचार वाजले, आकडा जागचा हलेना. तेव्हा कुठे तुमची शिकवणी आठवली: दोन वेगळ्या धातूंच्या तारा, त्यांचं एक टोक भट्टीत, दुसरं भिंतीवरच्या डबीत, आणि मीटर ओळखतो तो दोन टोकांच्या तापमानातला फरक (तेव्हा मी जांभया देत होतो, आता कबूल करतो). रोज चारला कुणीतरी उकळत्या चहाची किटली त्या डबीवर टेकवत होतं! डबीतलं टोक तापलं की फरक कमी, आकडा खाली; भट्टी असायची तितकीच गरम, आणि मी आच वाढवून कप वितळवायला तयारच. आता त्याच जातीची तार जोडून डबी गार कोपऱ्यात हलवलीय, आत छोटा तापमापकही ठेवलाय. शनिवारचे कप ताठ उभे राहणार, मामा. मला खरंच तसं वाटतंय.

आपला (शनिवारपर्यंत तरी नोकरीत असलेला) भाचा

ता. क. शुक्रवारी येऊन जाल का? किटली कोण ठेवत होतं याची मालकीणबाईंनी चौकशी लावलीय. तुमच्यासारख्या जाणत्याने "असं कुणाच्याही हातून होतं" म्हटलं की विषय मिटेल. तो कुणीतरी म्हणजे मीच.

ता. क. २. पत्र टेबलावर उघडं राहिलं आणि मालकीणबाईंनी वाचलं. म्हणाल्या, "मामांना रविवारी बोलव, भट्टी उघडताना. चहा नव्या कपांतून देऊ." किटलीसाठी त्यांनी स्वतःचं स्टूल दिलंय, डबीपासून अठरा पावलांवर. पावलं त्यांनीच मोजली.