तीन कंप्युटरांची एक पेटी

१८ जून १९९८
घरात तीन कंप्युटर. पडवीत लेकाच्या, म्हंजे परशूच्या, कंप्युटर क्लासचे दोन, आतल्या खोलीत सुनेचा, म्हंजे फुलाचा, एक. सगळ्या रामनगरात एवढे कुणाकडं न्हाईत. पण छपाईच्या कामाचे फोटो लेकाकडं, मजकूर सुनेकडं, मधल्या दारातनं दिवसभर फ्लॉप्यांची ये-जा. त्यात पावसाळा. फ्लॉपीला बुरशी. ठरवलं: समदं साठवायला तिन्हींत मिळून बाहेरनं जोडायची एकच पेटी घ्यायची. निवड मी करणार. चौथी पास हाय, पण वस्तू पारखायला शाळा लागत न्हाई.

२१ जून
परशू म्हणाला झिप ड्राइव्ह घेऊ, त्यातल्या डिस्का बदलता येतात. म्हटलं, तुला बायको सोडून समदं बदलायचं असतंय. फुला म्हणाली, आत्ती, काय बी घ्या, पण एक कॉपी वेगळी ऱ्हायला पायजे. म्हटलं, एका घरात दोन चुली मांडाय लागलीस व्हय गे? उठून फ्लॉप्यांची बुरशी पुसाय गेली. जमतंय मला.

२७ जून, बेळगाव
दुकानात दोन्ही हातांत धरून बघितलं. झिप हलकी, खेळण्यागत. हार्डडिस्कची पेटी चांगली जड. जड तेच टिकतंय, भांड्यांचं बी तसंच. दुकानदार म्हणाला, मावशी, हे वजनावर घेत न्हाईत. म्हटलं, तुमी मापात ऱ्हावा. हार्डडिस्क घेतली.

२ जुलै
पेटी झकास. सकाळी परशूला, दुपारी फुलाला. मशीन बंद करायचं, वायर काढायची, दुसरीकडं लावायची. फुलाला पहिलं मोठं काम मिळालंय: शाळेच्या पन्नास वर्षांची स्मरणिका. शाळेचे शंकर गुरुजी बेळगावचा छापखाना सोडून तिच्याकडं आले. तिच्या जुन्या मशीनीत जागा न्हाई, म्हणून समदं पेटीतच. मग फ्लॉप्या कशाला? पुसून क्लासच्या पोरास्नी वाटाय लावल्या. फुलाचं तोंड बघण्यागत झालं.

१९ जुलै
ऊन म्हणून न्हाई. लोणच्याला बुरशी, चपलेला बुरशी. पेटीला हात लावला तर गारढोण. कुणाचं ध्यान न्हाई. माझं हाय. चुलीवर टांगलेल्या काठ्यांच्या माळ्यावर भिरंडाची, म्हंजे कोकमाची, सोलं सुकत्यात, भाताचं बियाणं सुकतंय, समदं टिकतंय. तिथं पेटीला थोडी जागा केली.

२० जुलै, सकाळी
पेटी चांगली ऊबदार. सोलांचा वास बी लागलाय. परशूनं वायर लावली. आतनं कराकरा आवाज. म्हटलं, आणि थोडा शेक देऊ. कुणी हसलं न्हाई.

२० जुलै, दुपारी
गेलं. समदं. फुला रडली न्हाई, भांडली बी न्हाई. गुरुजींच्या कागदांचा गठ्ठा काढला, पहिल्या पानापासनं टाइप कराय बसली. भांडली असती तर मला काय तरी उलट बोलाय आलं असतं.

२३ जुलै
ठरवलं: मी वाचून दाखवणार, ती टाइप मारणार. म्हंजे काम निम्म्यात. पहिल्या पानालाच अडखळले. फुला म्हणाली, आत्ती, तुमी चहा करा.
चहा चांगला झाला.

३० जुलै
गुरुजी आले. म्हणाले, जमत नसंल तर सांग बाई, बेळगावला टाकतो. फुला म्हणाली, पावसानं मशीन बिघडलं सर, आठवडाभर थांबा. माझ्याकडं बघितलं बी न्हाई. गुरुजींनी मला विचारलं, व्हय काय वहिनी?
म्हटलं, व्हय, औंदा पाऊस लई.
मग भिंतीवरल्या ह्यांच्या फोटोकडं पाठ करून बसले.

१५ ऑगस्ट
स्मरणिका वेळेत झाली. फुलाचे डोळे सुजल्यात. कार्यक्रमात गुरुजींनी मला स्टेजवर बोलावलं. म्हणाले, ह्या वयात तीन-तीन कंप्युटर सांभाळणारी माउली. हार घातला. टाळ्या. फुला बी वाजवत होती. खरं सांगाय तोंड उघडलं, माइकमधनं नुसता खोकला आला.
घरी येऊन तो हार फुलाच्या कंप्युटरला घालाय गेले. ती म्हणाली, आत्ती, फुलं ओली हायत, मागं सरा.
सरले.