काचेच्या ग्रंथालयातून मामांना

तीर्थरूप मामांस,

भाचीचा वाकून नमस्कार. (इतका वाकून, की कपाळ टेबलाला चिकटलं. कारण पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इथे सगळे जिवंत आहेत. याहून जास्त काही म्हणवत नाही, कारण या पंधरवड्यात जे पाहिलं, त्याने माझा वासलेला आ अजून मिटलेला नाही.

आमच्या महाविद्यालयाच्या नव्या ग्रंथालयाचं उद्घाटन झालं. चार मजले आणि चारही बाजूंनी काच. पश्चिमेलासुद्धा, मामा! उघडणारी खिडकी एक नाही, छज्जा औषधालाही नाही. आर्किटेक्ट म्हणाले, छज्ज्याने इमारतीची 'रेषा' बिघडते. (त्यांचं स्वतःचं ऑफिस तळघरात आहे, हे मागाहून कळलं.) सगळी भिस्त एसीवर. पहिल्याच सोमवारी दुपारी वीज गेली. तासाभराने थर्मामीटर पाहिला आणि माझे डोळे पांढरे झाले. आत बेचाळीस, बाहेर सदतीस! लोक गारव्यासाठी उन्हात जाऊन उभे राहत होते. खिडकीशी ठेवलेल्या शब्दकोशाच्या सहा खंडांचा सरस पाघळून ते एकमेकांना असे बिलगले, की आता 'अ' बघायचा तर 'ज्ञ'पर्यंत सगळं उचलावं लागतं. प्राचार्य चौथ्या मजल्यावरच्या केबिनमध्ये छत्री उघडून सह्या करत होते, आणि ते अख्ख्या रस्त्याला दिसत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ झाकायला भिंत तर हवी! गुरुवारी तिरपा पाऊस आला, पाणी काचेच्या सांध्यांतून आत शिरलं आणि वाचक पाय वर घेऊन वाचू लागले.

पण खरा धक्का शुक्रवारी बसला. वीज पुन्हा गेली होती आणि वाचनकक्ष ओस. शिपाईमामा म्हणाले, "बाई, सगळे जुन्यात आहेत." जुन्यात म्हणजे तुमच्यात, मामा. अडतीस वर्षांपूर्वी तुम्ही बांधलेल्या, आता 'धोकादायक' ठरवून कुलूप घातलेल्या ग्रंथालयात. कुलूप कडीला नुसतं लोंबत होतं. रुंद व्हरांड्यात मुलं ओळीने वाचत बसली होती. जाळीतून वारा खेळत होता, छताखालच्या झरोक्यांतून गरम हवा वर निघून जात होती. वीज नव्हती, हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. थर्मामीटर एकतीसवर! मी तो दोनदा झटकला, तरी एकतीसच.

आतल्या कपाटामागे गेले, तर फरशीवर कुणीतरी उताणं पडलेलं, बूट बाजूला. मी किंचाळलेच. प्रेत उठून बसलं. ते प्राचार्य निघाले.

"ओरडू नका, बाई. इमारतीची पाहणी करतोय."

"डोळे मिटून, सर?"

"आतून पाहतोय."

पाडण्याच्या आदेशावर याच गृहस्थांची सही! एरवी मी त्यांच्यासमोर मान वर करत नाही, पण तोंडून निघून गेलं, "सर, हे तुम्ही पाडणार?" ते बराच वेळ मोजे चढवत राहिले. मग पश्चिमेच्या त्या जाड भिंतीला तळहात टेकवून म्हणाले, "माझ्याकडे धोक्याचा लेखी अहवाल आहे. उलट काही लेखी असेल तर आणा. बुधवारी यंत्र येतंय."

भिंत गार होती, मामा. त्यांनी हात लवकर काढला नाही.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमची भाची

ता. क. : गुडघ्याला जपा, पण मंगळवारच्या आत या. जुन्या इमारतीच्या पायाचे आणि भिंतींचे नकाशे तुमच्याकडेच आहेत. तेवढे घेऊन पहिल्या बसने निघा. मी स्टँडवर उभी राहते.

आणखी एक : तो अहवाल महाविद्यालयाची इमारत समिती तुमच्यापुढे ठेवील. त्यात भिंतींना तडे गेल्याचं म्हटलंय. तडा एकच होता, तोही रंगाला. अक्षर तुम्ही ओळखालच. पाटीवर हात धरून तुम्हीच ते गिरवून घेतलंय. त्या बदल्यात मला ग्रंथपालाची काचेची केबिन देणार होते, मामा. चारचौघांत काही बोलू नका. घरी आल्यावर हवं ते बोला, मी ऐकून घेईन.