तीन बश्या, तीन झाकणं आणि माझी घरबंदी

तीर्थस्वरूप आईंना (ताईच्या सासूबाई म्हणजे माझ्याही आईच, असं तिच्या लग्नात तुम्हीच म्हणाला होतात, त्यामुळे आता नाइलाज आहे) साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे काय म्हणतात? शिवणवर्गाला नव्या मुली आल्याचं ताईकडून कळलं. इकडे माझी तब्येत ठणठणीत आहे, आणि हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण गेला दीड महिना मला तुमच्या घरात पाऊल टाकायची बंदी आहे ती तब्येतीपायीच. बाळाला जुलाब होऊन दवाखान्यात ठेवावं लागलं, रिपोर्टात रोटाव्हायरस निघाला, आणि नात्यात त्याच व्हायरसवर पोट भरणारी एकुलती एक मावशी. तुमच्या जागी मी असते तर मीही माझ्याकडेच बोट दाखवलं असतं.

मी व्हायरस पाळते, असं तुम्ही शेजारच्या काकूंना सांगितलंत म्हणे. पाळत नाही हो, नुसती बघते. हा व्हायरस पेशीत शिरला की आधी स्वतःचं कामाचं ठिकाण थाटतो. त्याला ना भिंत, ना पडदा. त्याची स्वतःची दोन प्रथिनं एकत्र जमतात, त्यांचे थेंब होतात, आणि त्या थेंबांत त्याच्या नकला निघतात, नवे व्हायरस जुळवले जातात. तुमच्या मधल्या खोलीचंच घ्या ना. तीन वाजता सहा जणी मशिनी घेऊन सतरंजीवर बसल्या की तो कोपरा वर्ग होतो, आणि मग तिथून चहाचा कप घेऊन जायची बाबांचीही छाती होत नाही. सुरुवातीला हे थेंब पातळ असतात, एकमेकांना भिडले की एक होतात. एक रसायन घातलं की विरघळतात, ते धुऊन टाकलं की काही मिनिटांत पुन्हा हजर. जुने झाले की मात्र घट्ट होतात आणि कशालाच दाद देत नाहीत (इथे मी कोणाचंही नाव घेतलेलं नाही).

तर, आपलं निर्दोषत्व सिद्ध करायचं मी मनावर घेतलं. आमच्या प्रयोगशाळेच्या बाईंची लेखी परवानगी काढली, ताईची सही घेतली, आणि बाळाचा नमुना बंद डब्यातून बसने नेला. शेजारच्या गृहस्थांनी आज डब्यात काय म्हणून विचारलं, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत राहिले. मग पेशी वाढवलेल्या तीन बश्या मांडल्या: एकीत बाळाचा व्हायरस, दुसरीत आमचा, तिसरीत काहीच नाही. रंग घातला की ते थेंब सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे चमकतात. बाळाची बशी स्वच्छ निघाली. मी धावत जाऊन ताईला फोन केला की बाळाला रोटा नव्हताच. तिने तुम्हाला सांगितलं, तुम्ही डॉक्टरांना चार शब्द सुनावलेत, आणि त्यांनी रिपोर्ट पुन्हा काढून तुमच्यासमोर ठेवला. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

इकडे जिच्यात काहीच नव्हतं ती बशी थेंबांनी गच्च भरलेली. आमच्याकडे भांडी धुणाऱ्या मामांनी लांबूनच विचारलं, "नावं झाकणांवर लिहिलीत का ताई? बशीवर लिहायची असतात. झाकणं फिरतात." रंग घालताना मी तिन्ही झाकणं एकदम काढून ठेवली होती. परत ठेवताना बाळाचं झाकण रिकाम्या बशीवर गेलं होतं. जिला कुठल्या भांड्याचं कुठलं झाकण ते कळत नाही तिच्या हातात बाळ कसं द्यायचं, असं तुम्ही म्हणालात.

शेवटी बाईंनीच नमुना दुसरीकडून तपासून घेतला. आमचा व्हायरस मूळचा माकडांतला, वर्षानुवर्षं बशीत वाढलेला. बाळाचा माणसांतला, अगदी वेगळा. रिपोर्ट सोबत जोडला आहे. दवाखान्यात दोन दिवस तुम्ही चमच्याचमच्याने पाणी पाजत बसला होतात, हे ताईने सांगितलं. मला तुमचा राग नाही आई, तेव्हा मी तिथे नव्हते याचं वाईट वाटतं. आता तरी बंदी उठवावी.

तुमची,
बाळाची मावशी

ता. क. रिपोर्ट खरा आहे, पण तो फक्त प्रयोगशाळेबद्दल बोलतो. बाळ आजारी पडायच्या दोन दिवस आधी मी आले होते ना, त्या सकाळी माझंच पोट दोनदा बिघडलं होतं. मोठ्यांना हा आजार इतका हलका होतो की कळतही नाही, आणि तरी तो पुढे जातो. हे मला माहीत असायला हवं होतं, मला त्याचाच पगार मिळतो. काहीतरी बाधलं असेल म्हणून नुसत्या पाण्याने हात धुतले, आणि बाळाने हात पुढे केले म्हणून उचलून घेतलं. माझ्याकडून गेलं की नाही, ते आता कधीच कळणार नाही. ताईलाही हे सांगितलेलं नाही. तुम्हाला आधी सांगते आहे.

ता. ता. क. त्यामुळे वरची मागणी रद्द समजा. तो चालायला लागला, असं ताई म्हणाली. रविवारी सकाळी मी तुमच्या पायरीशी येऊन उभी राहीन. दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. उघडलंत तर त्याला माझ्या हातात देऊ नका, नुसतं खाली सोडा. तो तुमच्याकडेच वळला तरी चालेल.