मामा, माझी मान आता दोन्हीकडे वळते

तीर्थस्वरूप माधवमामांना गंधारचा वाकून नमस्कार. (मानेतून वाकलोय, हे मुद्दाम लिहितोय.) तुमचं बीपी कसं आहे? मामी फोनवर म्हणाली की ॲक्सिडेंटपासून तुम्ही गाडीवरचं कव्हरच काढलं नाहीये, विकायची म्हणताय, आणि माझी चौकशी रोज करता पण भेटायला येत नाही, कारण काय तर "पोराला तोंड कसं दाखवू?" मामा, प्लीज! मान एकदम ओके आहे. गाडी विकू नका. एवढ्यासाठीच हे पत्र. (ईमेल केला असता, पण तुम्ही म्हणाल प्रिंट काढून आण.)

चूक तुमची नव्हती असंच मी सगळ्यांना सांगतो. (थोडी होती.) नवी गाडी, मांजरी गावाचा रस्ता, पुढे रमतगमत चाललेली उसाची ट्रॉली आणि डावीकडे मारुतीचं देऊळ. स्कूटरवर असताना तुम्ही एक हात छातीला लावायचात, तेवढ्यावर भागलं असतं. पण गाडी नवी, म्हणून तुम्ही दोन्ही हात जोडलेत. वर डोळेही मिटलेत, आणि गाडी थेट ट्रॉलीवर. तुम्ही आणि मामी पुढे बेल्टमध्ये सेफ. मी मागे बिनबेल्टचा, मांडीवर पेढ्यांचा बॉक्स. पेढे वाचले, मान गेली. तरी एक्स-रे क्लिअर आला. डॉक्टर म्हणाले, आठवड्याने फॉलो-अपला या. मी मनात म्हटलं, सगळं क्लिअर आहे तर फॉलो कशाला करायचं?

आणि तिसऱ्या दिवशी मान डावीकडे लॉक! आता आमच्या हडपसरच्या ऑफिसात माझ्या डावीकडे अपेक्षा बसते. (टेस्टिंगला आहे, फार हुशार.) मी दिवसभर तिच्याकडेच बघतोय, मीटिंगमध्ये सुद्धा. शेवटी ती म्हणाली, "काय प्रॉब्लेम आहे तुझा?" मी म्हटलं, मान वळत नाहीये. ती म्हणाली, "आत्ता डॉक्टरला दाखव, नाहीतर मी तुला एचआरला दाखवते." आणि स्वतः रिक्षात घालून फिजिओथेरपीला घेऊन गेली.

तिथल्या श्यामला मॅडम अस्सल पुणेरी. मी नेटवर वाचलेलं सगळं त्यांना एक्सप्लेन केलं. त्या म्हणाल्या, "छान. मग तुम्ही या खुर्चीत बसा, मी पेशंट होते." नंतर म्हणाल्या, एक्स-रेत हाडं दिसतात, आखडलेले स्नायू नाहीत, गाडी गॅरेजमधून आली म्हणजे आतला माणूस दुरुस्त झाला असं नसतं. मला हे इतकं पटलं की आता मी कुणाची गाडी नुसती घासली तरी विचारतो, फॉलो-अप केलात का? एक्सरसाइजही कुठेही करतो. परवा स्वारगेटला सावकाश डावीकडे-उजवीकडे मान फिरवत उभा होतो, तर "येणार का?" विचारत थांबलेला रिक्षावाला म्हणाला, "नाय तर नाय, एवढं काय त्यात!" आणि निघून गेला. मामा, मला घरी जायचं होतं हो.

मामीला नमस्कार. पेढे संपले.

तुमचा,
गंधार

ता. क. शनिवारी शेवटचा फॉलो-अप आहे. मॅडम म्हणाल्या, तुमच्या मामांच्याच गाडीतून या, म्हणजे भीती गेली का ते कळेल. (मॅडम असं काही म्हणाल्या नाहीत. मी म्हणतोय. अजून कुणी ब्रेक मारला की मी पुढची सीट घट्ट धरतो, आणि ही सवय तुमच्याच गाडीत बसून जाईल असं मला वाटतं.) सोडाल का?

ता. क. २. आज शनिवारच आहे. पोस्टाने उशीर झाला असता म्हणून मीच आलोय, तुमच्या खिडकीखाली. कव्हर काढलंय. मी मागे बसलोय, बेल्ट लावून. शेजारी अपेक्षा, तीही बेल्ट लावून. (तिच्याबद्दल सविस्तर रस्त्यात सांगतो.) मामी हे तुमच्या हातात देऊन खाली येतेय, पुढे बसायला. मामीने दिलेली किल्ली लावून ठेवलीये. लवकर या, मागचा टेम्पोवाला "गाडी कुणाची?" म्हणून ओरडतोय आणि मी तुमचं नाव सांगितलंय.